अडवणारे हातही चित्रात हवेत

रायपूरमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावरून मिनीमाता हे नाव कितीदा तरी जातं. बलौदाबाजार रस्त्यावरच्या विधानसभेच्या इमारतीला वर्षानुवर्षं हेच नाव होतं. हसदेव नदीवरच्या बांगो धरणाला ते आहे, स्त्रियांसाठी काम करणाऱ्यांना राज्य सरकार देतं त्या सन्मानालाही आहे. पण मिनीमाता म्हणजे कोण, असं त्याच मुलाला विचारलं तर ‘छत्तीसगढच्या पहिल्या महिला खासदार’ एवढं एक वाक्य मिळतं आणि विषय तिथेच संपतो. सामान्यज्ञानाच्या पुस्तकानं त्यांना तेवढीच जागा दिलेली असते. सतनामी समाजातली, दूर आसामात जन्मलेली एक मुलगी लोकसभेपर्यंत कशी पोचली, वाटेत कोण आडवं आलं आणि तिथं पोचून तिनं काय केलं, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चित्रांतून आणि मोजक्या शब्दांतून सांगायचं तर कसं सांगायचं?

प्रश्न एकट्या मिनीमातांचा नाही. दलित, आदिवासी आणि विमुक्त समाजांतल्या ज्या स्त्रियांनी आपापल्या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकलं, त्यांची सचित्र बालचरित्रं कशी झाली, कशी होत आहेत आणि कशी व्हायला हवीत, याचा हा आढावा आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चित्रचरित्रांकडेही पाहायला हवं, कारण या प्रकारात सर्वांत जास्त काम तिथं झालं आणि सर्वांत मोठ्या चुकाही तिथंच झाल्या. शिवाय ही तुलना आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना.

अमेरिकेनं काय शिकवलं

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या बालसाहित्याच्या अभ्यासक स्त्रीनं एका लेखात अमेरिकन प्रकाशकांची झाडाझडती घेतली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तिनं हिशेबात धरली. त्यांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सातांपेक्षाही कमी पुस्तकांत, एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर पेटलेली असताना मुलांच्या कपाटात ही माणसं जवळजवळ नव्हतीच. त्या लेखानं प्रकाशकांना हलवलं.

१९६८ मध्ये जेकब लॉरेन्स या मोठ्या चित्रकारानं हॅरिएट टबमनवर मुलांसाठी पुस्तक केलं. गुलामीतून स्वतः निसटलेली आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणणारी ही बाई त्यानं गोंडस केली नाही. तिचे हात अवाढव्य, राबून राठ झालेले दाखवले. पुढं फेथ रिंगगोल्डनं टबमनला आकाशातल्या आगगाडीच्या स्वप्नात आणलं. २००६ मध्ये कॅरोल बोस्टन वेदरफोर्डचे शब्द आणि कादिर नेल्सनची चित्रं यांतून टबमनचंच आणखी एक देखणं पुस्तक झालं. २०१५ मध्ये वेदरफोर्डनंच एकुआ होम्स या चित्रकर्तीसोबत फॅनी लू हेमरचं चरित्र केलं. हेमर मिसिसिपीतली कापूस वेचणारी शेतमजूर. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून तिचं काम गेलं आणि पुढं तुरुंगात तिला मरेस्तोवर मार बसला. ही मारहाणही त्या मुलांच्या पुस्तकात आहे.

आता चुका. रोझा पार्क्सची गोष्ट अमेरिकेतल्या शाळाशाळांत पिढ्यान् पिढ्या एकाच साच्यात सांगितली गेली. दिवसभराच्या शिवणकामानं दमलेली एक साधी बाई बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि त्यातून सगळं बदललं. शिक्षणतज्ज्ञ हर्बर्ट कोल यांनी मुलांच्या पुस्तकांतला हा साचा तपासला आणि उघडा पाडला. १ डिसेंबर १९५५ ला मॉंटगोमरीच्या बसमध्ये बसून राहिलेली पार्क्स ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची स्थानिक शाखेतली अनुभवी चिटणीस होती. त्याच उन्हाळ्यात ती कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आली होती. शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेनं रातोरात पत्रकं छापली म्हणून बसवरचा बहिष्कार उभा राहिला आणि तो ३८१ दिवस टिकला. दमलेल्या बाईची गोष्ट सांगताना संघटना गळाली, बसमध्ये गोऱ्यांना आधी जागा देणारा कायदा गळाला, तो कायदा करणारे आणि पाळायला लावणारे गोरे लोकही गळाले. मुलांच्या हाती उरला फक्त एका बाईचा चांगुलपणा.

दुसरी चूक २०१६ ची. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसासाठी केक करणारा त्याचा गुलाम आचारी आणि आचाऱ्याची मुलगी आनंदात हसताना दाखवणारं एक चित्रपुस्तक स्कोलास्टिक या बड्या प्रकाशनानं काढलं. टीकेचा भडिमार झाला आणि थोड्याच दिवसांत ते मागं घ्यावं लागलं. खरा हर्क्युलिस, म्हणजे तो आचारी, पुढं वॉशिंग्टनच्या मळ्यातून पळून गेला होता. ज्या घरातून माणूस जीव मुठीत धरून पळतो त्या घरात त्याला हसताना रंगवणं हे मुलांना सांभाळून घेणं नव्हे. ते मुलांशी खोटं बोलणं आहे.

या सगळ्यातून एक कसोटी हाती लागते. अग्रणी स्त्रीचं बालचरित्र खरं उतरतं ते दोन गोष्टी पानावर दिसल्या तर: तिला कुणी अडवलं आणि तिनं नेमकं काय केलं. मानसन्मान त्यानंतर. पहिली गोष्ट गाळली तर ‘ती पहिली’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही, कारण तिच्याआधीच्या हजारोजणींना कुणी पुढं येऊ दिलं नाही हे मुलाला कळतच नाही.

आपल्याकडची वाट

भारतात सचित्र चरित्र घराघरांत नेलं ते अनंत पै यांच्या अमर चित्र कथेनं. १९६७ पासून या मालिकेनं दोन-तीन पिढ्यांना इतिहास-पुराणं दाखवली. मराठी घरांतही त्या अंकांचे बांधलेले गठ्ठे असत. त्यांची चौकट मात्र ठरलेली होती. स्त्रिया आल्या त्या बहुतेक राण्या, सती आणि संत म्हणून. वर्णही वाटून दिलेले होते: नायक-नायिका गोऱ्या, असुर काळे. बाबासाहेब आंबेडकरांचा अंक १९७९ मध्ये आला. राबणाऱ्या जातींतल्या स्त्रियांच्या वाट्याला या मालिकेतली जागा फारच थोडी आली.

याच काळात दुसरी एक परंपरा मोठ्या दुकानांच्या बाहेर फुलली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि मुंबईच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांचे जे शेकडो गाळे लागतात, तिथं रमाई, सावित्रीबाई, जिजाऊ यांच्या पातळ पुस्तिका ढिगानं विकल्या जातात. दोन पिना मारलेल्या, स्वस्त कागदावरच्या, मुखपृष्ठावर भडक रंगातलं चित्र असलेल्या. रायपूर, दुर्ग, राजनांदगावहून रेल्वेनं नागपूरला जाणारी कुटुंबं येताना त्या पिशवीत घालून आणतात. बालसाहित्याच्या चर्चांत या पुस्तिकांचा उल्लेखही होत नाही. पण लाखो घरांत मुलांच्या हाती पडलेलं पहिलं स्त्रीचरित्र हेच होतं, आणि या आढाव्यात त्यांचा मान पहिला आहे. त्यांच्यात उणं असेल तर चित्रांचं आणि संपादनाचं. जिव्हाळ्याचं मुळीच नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकापासून चित्र बदललं. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनानं २००३ मध्ये महाश्वेतादेवींची शबर समाजातली प्रश्न विचारणारी मुलगी मोयना चित्रपुस्तकात आणली. पुढं रिनचिन यांचं छत्तीसगढमधल्या कोळसा खाणीविरुद्ध आपलं शेत राखू पाहणाऱ्या मुलीचं पुस्तकही तूलिकानंच काढलं. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्रानं २००८ मध्ये दलित-बहुजन आणि मुस्लिम घरांतल्या बालपणाच्या गोष्टींची मालिका इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममध्ये आणली. २०११ मध्ये नवयान प्रकाशनाचं ‘भीमायन’ आलं आणि चित्रचरित्राचं व्याकरणच पालटलं.

‘भीमायन’कडे थोडं थांबून पाहायला हवं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्यानं आंबेडकरांचं आयुष्य आपल्या डिगना शैलीत रंगवलं. लहानग्या भीमाला पाणी नाकारलं जातं तो भाग मासे, पक्षी आणि पाण्याच्या रूपांनी भरलेला आहे. संवादांचे फुगे तर या जोडप्यानं नव्यानंच घडवले. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, मनातला विचार दाखवायचा तर फुग्याला डोळा, आणि जातीचा अपमान ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचता न येणारं मूलही ती नांगी पाहून ओळखतं की इथं कुणीतरी डंख मारला. अडवणारे हात चित्रात कसे आणायचे याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या भारतीय पुस्तकात पाहिलेलं नाही. ते उत्तर कुठल्या कलाशाळेतून आलेलं नाही. जातीचा डंख ज्यांच्या ओळखीचा, त्यांच्या हातातून ते आलं.

स्त्रीनं स्वतःच स्वतःचं चित्रचरित्र रंगवण्याचं उदाहरण तारा बुक्सनं घालून दिलं. मधुबनीच्या दुलारीदेवी मल्लाह समाजातल्या. घरकाम करता करता ज्या घरी राबत तिथल्या चित्रकर्तीकडून त्या मिथिला चित्रकला शिकल्या. त्यांनी तोंडी सांगितलेली आपली कहाणी गीता वुल्फ यांनी शब्दांत बांधली आणि चित्रं दुलारीदेवींनीच काढली. पुढं २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पुस्तक त्याच्या बरंच आधीचं, आणि ते किताबाच्या आधाराशिवाय उभं आहे, ही मोठी गोष्ट.

सावित्रीबाई एका चित्रात अडकल्या

मराठीत वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’नं १९८१ पासून एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाला आपल्या घरचा माणूस केलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या कार्व्हरसाठी मराठी मुलं रडली, त्याच्या भुईमुगाच्या प्रयोगांनी हरखली. परक्या मुलखातल्या वंचिताचं आयुष्य आपल्या मुलांना समजतं, पेलतं आणि आवडतं, याचा एवढा ठळक पुरावा समोर असताना आपल्याच मातीतल्या स्त्रियांसाठी तेवढी मेहनत का झाली नाही, हे विचारायलाच हवं.

सावित्रीबाई फुल्यांवर मुलांसाठी पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्यांतल्या बहुतेक पुस्तकांचं एक पान आधीच सांगता येतं: रस्त्यानं जाणाऱ्या सावित्रीबाई, अंगावर शेण आणि चिखल फेकणारे लोक, पिशवीत दुसरं लुगडं. प्रसंग महत्त्वाचाच आहे. अडवणारे हात त्यात स्पष्ट दिसतात. मात्र कसोटीचा दुसरा भाग, म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं, तो इथं मागे पडतो. १८४८ च्या शाळेपाशी चरित्र थांबतं आणि पुढची जवळजवळ ५० वर्षं दोन ओळींत उरकली जातात. त्या वर्षांत ‘काव्यफुले’ हा १८५४ चा संग्रह आहे, १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह आहे, दुष्काळात चालवलेली अन्नछत्रं आहेत. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्यविधीत टिटवं हाती धरून त्या पुढं झाल्या ते धैर्य आहे. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता आलेला मृत्यू आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय १९८८ पासून उपलब्ध आहे. जोतीरावांना त्यांनी लिहिलेली पत्रं त्यात आहेत. १८६८ च्या पत्रात गावकरी एका प्रेमी जोडप्याच्या जिवावर उठले होते तो प्रसंग आहे: मुलगा ब्राह्मण, मुलगी महार. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजांच्या कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांचे जीव वाचवले. चित्रकाराला याहून जिवंत जोडपान कुठलं हवं? धावत सुटलेला जमाव, मध्ये उभी राहिलेली बाई, तिच्यामागे घाबरलेली दोन तरुण माणसं. इथं ती मार खाणारी नाही, मार थांबवणारी आहे.

मुक्ता साळवेच्या वाट्याला तर इतकीही चित्रं आली नाहीत. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ती स्वतःच तेव्हा लहान होती. वाचणाऱ्या मुलाच्या जवळपासच्या वयाची नायिका, आणि तिनं केलेली गोष्ट म्हणजे लिहिणं! बालचरित्राला याहून योग्य विषय सापडणं कठीण.

नागपूरच्या वाटेवर

रायपूरहून नागपूरची गाडी धरली की असाच एक दडलेला खजिना लागतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केलं. त्यातल्या जाईबाई चौधरींचंच आयुष्य घ्या. १८९२ मध्ये उमरेडच्या महार कुटुंबात जन्म. पोटासाठी हमाली, डोक्यावर ओझी घेऊन कामठीपर्यंत पायपीट. एका मिशनरी बाईनं त्यांना वाचायला शिकवलं, शाळेत शिकवण्याचं काम दिलं. ‘अस्पृश्य’ बाई शिकवते म्हणून पालकांनी ओरड केली आणि ते काम गेलं. ओझी पुन्हा डोक्यावर आली. मग १९२२ च्या सुमारास जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा उभी केली. अडवणूक, काम, आणि पुन्हा काम: एका ३२ पानी पुस्तकाचा आराखडा या मोजक्या वाक्यांतच तयार आहे. नागपूरच्या कापड गिरणीत राबणाऱ्या आणि मजुरांच्या पुढारी झालेल्या राधाबाई कांबळेही याच शहरातल्या.

अशी साधनं मराठीत छापील आहेत. त्यांच्यावरून मुलांसाठी पुस्तक करायला संशोधकाची वानवा नाही. वाण आहे ती ठरवून पैसा आणि वेळ घालणाऱ्या प्रकाशकाची.

छत्तीसगढच्या तिघीजणी

छत्तीसगढमध्ये काय करता येईल हे तीन नावांवरून पाहू.

मिनीमातांचं घराणं मूळचं इथलंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दुष्काळात आजी-आजोबा तीन मुली घेऊन आसामच्या चहामळ्यांकडे निघाले. वाटेत दोन मुली गेल्या आणि देवमती तेवढी वाचली, असं त्यांच्या परिचयांत सांगितलं जातं. ही देवमती म्हणजे मिनीमातांची आई. आसामात जन्मलेल्या मीनाक्षीचं, म्हणजेच पुढच्या मिनीमातांचं, लग्न सतनामी समाजाचे गुरू अगमदास यांच्याशी झालं आणि ती आजोळच्या मातीत परतली. १९५७, १९६२, १९६७ आणि १९७१ च्या निवडणुकांत त्या लोकसभेवर निवडून गेल्या. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, बालविवाह आणि हुंड्याला विरोध, मजूर आणि स्त्रियांचे प्रश्न हे त्यांच्या कामाचे विषय. ११ ऑगस्ट १९७२ ला दिल्लीजवळच्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

मुलांच्या पुस्तकात दोन बहिणींचा मृत्यू कसा दाखवायचा, असं कुणी विचारेल. वगळणं सोपं, पण वगळला तर दुष्काळ म्हणजे काय आणि इथली माणसं मुलूख का सोडत, हेच कळणार नाही. आगगाडीच्या खिडकीत एका पानावर तीन चेहरे, पुढच्या पानावर दोन, त्यापुढच्या पानावर एक. शब्द एकही नाही. मूल स्वतः मोजेल, विचारेल, आणि जवळच्या मोठ्या माणसाला उत्तर द्यावं लागेल. पुढं गिरोधपुरीचा पांढरा जैतखाम म्हणजे सतनाम्यांचा स्तंभ, पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदासांची समतेची शिकवण, पंथी नाच, सगळं चित्रात येऊ शकतं. एक काळजी मात्र हवी. मिनीमातांच्या वेगवेगळ्या परिचयांत जन्मवर्ष वेगवेगळं छापलेलं दिसतं. ज्यांच्या जन्माची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नाही, त्यांच्या बाबतीत हे होणारच. बालचरित्रानं शेवटच्या पानावर हे मुलांना सरळ सांगावं. नोंद कुणाची राहते आणि कुणाची राहत नाही, हाही इतिहासाचाच धडा आहे.

दुसऱ्या तीजनबाई. भिलाईजवळच्या गनियारीच्या, पारधी समाजातल्या. आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकत ऐकत त्यांनी ते आत्मसात केलं. बायकांनी पंडवानी, म्हणजे ही महाभारताची गायनकथा, गायचीच तर बसून, वेदमती शैलीत, अशी रीत होती. तीजनबाई उभ्या राहिल्या, पुरुषांच्या कापालिक शैलीत गायल्या. पहिला कार्यक्रम १३ व्या वर्षी, १० रुपये बिदागीवर. बाई असून गाते म्हणून समाजानं त्यांना बाहेर काढलं आणि त्यांना वेगळी झोपडी उभारून राहावं लागलं. रायपूरचेच नाटककार हबीब तनवीर यांची नजर त्यांच्यावर पडली आणि पुढं जगभर कार्यक्रम झाले. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या परिचयांत किताबांची यादीच आधी येते. चित्रपुस्तकानं तंबुरा आधी आणावा. रंगमंचावर तीजनबाईंच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. हे शब्दांनी सांगावं लागतं तिथं चित्र एका फटक्यात दाखवतं. महाराष्ट्रासाठी या पुस्तकाचं मोल आणखी वेगळं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग आपल्याकडच्या पारध्यांच्या कपाळावरून कायदा रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही. आश्रमशाळेतल्या पारधी मुलीच्या हातात तीजनबाईंचं मराठी चरित्र पडलं तर तिला काय मिळेल, याचा विचार प्रत्येक प्रकाशकानं करावा.

तिसऱ्या सोनाबाई रजवार, सरगुज्यातल्या पुहपुतरा गावच्या. नवऱ्यानं त्यांना वर्षानुवर्षं घरात एकटं ठेवलं, माणसांत मिसळू दिलं नाही. खेळणी मिळत नव्हती म्हणून त्यांनी मुलासाठी मातीची खेळणी केली. मग भिंतींवर माणसं, पाखरं, प्राणी उठवले. बांबूच्या कड्या बांधून त्यांवर माती लिंपली आणि ऊन अडवणाऱ्या, वारा येऊ देणाऱ्या जाळ्या तयार केल्या. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनची माणसं तिथं पोचली तेव्हा सगळं घरच एक कलाकृती झालेलं होतं. पुढं राष्ट्रीय पुरस्कार, परदेशातली प्रदर्शनं, आणि स्टीफन हायलर यांनी २००९ मध्ये त्यांच्यावर काढलेला मोठा ग्रंथ. हा ग्रंथ इंग्रजीत, मोठ्यांसाठी. छत्तीसगढच्या मुलाला हवं ते रजवार भित्तीशैलीतच रंगवलेलं पातळ पुस्तक. इथं अडवणारे हात घरातलेच आहेत. तेही दाखवायचे, कारण अनेक मुलांना ते घरात दिसत असतात आणि त्यांच्याविषयी बोलायला शब्द मिळत नसतात.

रंग कुणाचा, हात कुणाचा

आता चित्राच्या थेट दोन प्रश्नांकडे येऊ. पहिला, कातडीचा रंग. आपल्या बालपुस्तकांत राबणारी बाईसुद्धा गव्हाळ-गुलाबी रंगात येते. चित्रकाराच्या हातून हे सवयीनं होतं, विक्रेत्याला तेच ‘छान’ वाटतं. कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकारांनी या सवयीशी निकरानं झुंज दिली. काळ्या रंगात निळं, जांभळं, तांबूस किती छटांत उतरतं हे कादिर नेल्सननं मोठमोठ्या तैलचित्रांतून दाखवलं. आपल्याकडे उन्हात रापलेला हात, काळीसावळी मुद्रा, कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण प्रेमानं रंगवणाऱ्या चित्रकाराला प्रकाशकानं पाठबळ द्यायला हवं. काळ्या मुलीनं पुस्तक उघडलं आणि नायिका गोरी निघाली, तर पुस्तकानं तिला पहिल्याच पानावर नाकारलेलं असतं.

दुसरा प्रश्न, पुस्तक कोण करतं. बाहेरच्या माणसानं वंचितांचं चरित्र करूच नये, असं मी म्हणणार नाही. वीणा गवाणकर कार्व्हरच्या मुलखातल्या नव्हत्या. पण मेहनत, संदर्भ आणि नम्रता हवी, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना मोबदला आणि श्रेय दोन्ही मिळायला हवं. ‘भीमायन’ आणि दुलारीदेवींचं पुस्तक उभं राहिलं ते चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीनं आलं म्हणून. आदिवासी कलाकाराकडून ‘बॉर्डर’ काढून घ्यायची आणि मधलं चित्र शहरी चित्रकारानं करायचं, हा प्रकार आता थांबायला हवा.

संग्रहांबद्दलही एक शब्द. २०१६-१७ नंतर जगभर एका पानावर एक अशा थोर स्त्रियांच्या सचित्र संग्रहांची लाट आली. व्हॅश्टी हॅरिसन यांचा कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा देखणा संग्रह त्यातलाच. आपल्याकडेही तसे संग्रह निघाले. नावं पोचवायला ते उपयोगी आहेत. मात्र एका पानात संघर्ष मावत नाही, फक्त यश मावतं. संग्रह वाचून कुतूहल जागं झालेल्या मुलाला पुढं एका-एका स्त्रीचं स्वतंत्र पुस्तक हवं.

भाषा, किंमत, हातात पोचणं

चित्रपुस्तकाचं अर्थकारण साधं आहे. दोन फर्म्यांचं, म्हणजे ३२ पानांचं, चारी रंगांत छापलेलं पुस्तक महाग पडतं आणि प्रती थोड्या काढल्या तर आणखी महाग. चित्रकाराला वर्षभराचं काम आणि मानधन मात्र एकदाच, तेही तुटपुंजं. म्हणून प्रकाशक उत्सवी विषयांकडे वळतो. मार्ग नाहीत असं मात्र नाही. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर एकच पुस्तक कितीतरी भाषांत मोफत मिळतं. अरविंद गुप्ता यांनी कितीतरी परदेशी चित्रचरित्रं हिंदीत आणून सर्वांसाठी खुली केली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून महाराष्ट्रभर पोचतं आहे. ज्योत्स्ना प्रकाशन आणि माधुरी पुरंदरे यांनी मराठी चित्रपुस्तकाची उंची दाखवून दिली आहे. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय रायपूरहून फार लांब नाही आणि तिथून दरवर्षी चित्रकार बाहेर पडतात.

रायपूरच्या मराठी माणसाला इथं एक खास काम आहे. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं, रायपुरात मुलींची शाळाही काढली. त्या काळी मराठीतलं उत्तम ते इकडे आलं. आता इकडचं उत्तम मराठीत न्यायला हवं आणि तिकडचं छत्तीसगढीत आणायला हवं. मिनीमाता आणि तीजनबाईंचं पुस्तक मराठीत, सावित्रीबाई आणि जाईबाईंचं छत्तीसगढीत. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी, नागपूरच्या प्रकाशकांनी, खैरागढच्या तरुण चित्रकारांनी आणि सरगुज्याच्या रजवार कलावंतांनी एकत्र बसून वर्षाला एक पुस्तक करायचं ठरवलं, तरी दहा वर्षांत दहा आयुष्यं मुलांच्या हातात येतील. दीक्षाभूमीच्या गाळ्यांवर परवडेल अशी कागदी बांधणीची आवृत्ती आणि शाळांच्या ग्रंथालयांसाठी टिकाऊ आवृत्ती, अशा दोन्ही एकाच वेळी निघायला हव्यात. नाहीतर ज्यांची गोष्ट, त्यांचीच मुलं पुस्तकाबाहेर राहतील.

आजवरच्या कामाचा लेखाजोखा असा: चित्रभाषा आपल्याकडे सिद्ध झाली आहे, साधनं छापलेली आहेत, चित्रकार आहेत, वाचक तर आहेतच. कमी पडते ती मोठ्यांची हिंमत. मुलांना अन्याय पेलणार नाही असं म्हणून आपण ज्या पानांवरून घाईनं पुढं जातो, तो अन्याय वर्गात, पाणवठ्यावर, हजेरीपटात हजारो मुलांना रोज पेलावा लागतो. त्यांना तो समजावून सांगणारं आणि त्यावर मात करणारी माणसं आपल्यासारखीच होती हे दाखवणारं पुस्तक हातात देणं हे आपलं देणं आहे. ते दान नाही, आणि त्याला आधीच खूप उशीर झाला आहे.